राजकुंवर भुवाची रेकॉर्ड

जळगावच्या त्या हॉलमध्ये माझा भाऊ लखीचंद माईक धरून सांगत होता की रिओ सेको ह्या बँडची तिसरी रेकॉर्ड अख्ख्या खान्देशात सगळ्यात आधी कोणाला कळली असेल तर ती आमच्या घराला. मग तो जरा थांबला, आवाज ओला केला आणि म्हणाला, "माझी एक भुवा आहे. अडाणी, विधवा. तिलासुद्धा ती आवडली होती. मी ती रेकॉर्ड तिला भेट देऊन टाकली." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिसऱ्या रांगेत बसले होते. माझ्या मांडीवर कापडी पिशवी होती आणि तिच्यात काय आहे ते फक्त मला आणि भुवालाच माहीत होतं. भेट दिली म्हणे. कसली भेट दिली ते मी सांगते, आणि मधे कोणी बोलायचं नाही.

आम्ही धुळ्याचे, पाचव्या गल्लीतले. खाली बाबूजींचं धान्याचं दुकान, वर घर. बाबूजी म्हणजे पारसमलजी, गावात त्यांच्या शब्दाला वजन. राजकुंवर ही त्यांची धाकटी बहीण. बापाच्या बहिणीला आमच्यात भुवा म्हणतात. आमचं मूळ घर नशिराबादचं, आणि तिथे भुवाच्या ढोलकीशिवाय आमच्या लोकांतलं एक लग्न उभं राहत नसे, असं माझी आई लाडकुंवर अजून सांगते. सोळाव्या वर्षी भुवाला दोंडाईच्याला दिली, आणि एकोणिसाव्या वर्षी नवरा विषमज्वराने गेला. ती परत भावाच्या घरी आली ती पांढरं लुगडं नेसून. ढोलकी वाजवू नकोस असं तिला कोणी म्हटलं नाही, आपल्याकडे असं तोंडाने म्हणावंच लागत नाही. पुढच्या लग्नात ढोलकी दुसऱ्या बाईच्या मांडीवर होती आणि भुवा कोठीघरात बसून बदाम सोलत होती, बस्स. तिथून पुढे पंचवीस वर्षं ती कोठीघरातच होती.

मला हे लहानपणी कळत नव्हतं. मला एवढंच कळायचं की भुवा पापडाचं पीठ कुटायला बसली की झोप येत नाही. उडदाच्या पिठाचा गोळा, त्याला तेलाचा हात, आणि वर लोखंडी बत्ता. दुसऱ्या बायका कुटायच्या तेव्हा नुसते दणके यायचे. भुवाच्या कुटण्यात मधेच एक घाव रिकामा जायचा, मग दोन झटपट यायचे, मग पुन्हा रिकामा. आमच्याकडे कामाला येणारी झुंबरबाई समोर बसून गोळा फिरवायची आणि मान हलवायची. आई ओरडायची की हात चालवा, तमाशा नको. भुवा मुकाट्याने सरळ कुटायला लागायची, आणि आई वळली की घाव पुन्हा रिकामा सोडायची.

एकाहत्तर साली लखीचंद पुण्याहून बी. कॉम. होऊन आला तो रेडिओग्राम आणि रिओ सेकोच्या दोन रेकॉर्डी घेऊन. रिओ सेको हा अमेरिकेतला बँड. पोरं तिकडची पण रक्त मेक्सिको, क्युबाकडचं, असं त्यानेच सांगितलं. विजेची गिटार, आणि तिच्याखाली बोंगो, कोंगो अशी हाताने बडवायची चामड्याची वाद्यं, तीन तीन माणसं एकदम वाजवणारी. नावाचा अर्थ कोरडी नदी, हे भुसावळच्या एका गोवेकर गार्डने सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात पांझरा आटली तेव्हा आमच्या गल्लीतली पोरं पुलावर उभी राहून रिओ सेको, रिओ सेको म्हणून ओरडायची. गावात माणसं रेशनच्या रांगेत उभी होती आणि ह्यांना ही थट्टा सुचत होती. पण ते जाऊ दे.

दर रविवारी दुपारी लखीचे दोस्त वरच्या खोलीत जमायचे. त्यातले दोन कायमचे. एक धनसिंग, शिरपूरकडचा, कॉलेजच्या ऑर्केस्ट्रात बोंगो वाजवणारा, अंगाने पहेलवान आणि बोलायला मोठा. दुसरा मगन, फोटो स्टुडिओवाला, ज्याला दर आठवड्याला एक नवा छंद लागायचा. चहा द्यायचं काम भुवाचं होतं. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर किटली ठेवायची आणि तिथेच बसायची. पोरांना वाटायचं कपांसाठी बसलीय.

एका रविवारी धनसिंग एक ठेका वाजवायला बघत होता आणि तो त्याला जमत नव्हता. चार वेळा, पाच वेळा, दर वेळी रेकॉर्ड पुढे आणि हा मागे. भुवा पायरीवरून म्हणाली, "पहिला घाव मारू नका. तो मनात मारा." सगळे तिच्याकडे बघायला लागले. तिने कपांचा ट्रे उपडा केला आणि बोटांनी वाजवून दाखवलं. मग लखी हसत म्हणाला की आमच्या भुवासा म्हणजे बँडच्या मेंबर आहेत. त्या दिवसापासून ती पोरांची गंमत झाली. भुवासा, आज कोणतं लावू, असं विचारायचे, आणि ती चौथं लाव, पहिल्या बाजूचं, असं आकड्यांनी सांगायची. तोच ठेका धनसिंगने कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये वाजवला आणि कप जिंकला. कोणाकडून शिकला हे त्याने सांगितलं नाही. भुवाला त्याचं काही वाटलं नाही. मला वाटलं, आणि अजून वाटतं.

मग त्र्याहत्तर साली तिसरी रेकॉर्ड आली. धनसिंगचे मामा बोटीवर होते, त्यांनी तीन आणल्या, तिघांना एकेक. ती येणार म्हणून आधीचे सहा महिने ह्यांचं दुसरं बोलणं नव्हतं. जळगावला ह्यांच्यासारख्या पंधरा-वीस जणांचं मंडळ होतं, दीपनगरच्या कॉलनीतली पोरंही त्यात यायची, तिकडून पत्रांवर पत्रं. शेवटी एका रविवारी लखीने सुई टेकवली आणि सगळे पुढे सरकून बसले.

पहिल्या बाजूला गिटार अशी येतच नव्हती. लांबून वारा वाहावा तसा काहीतरी आवाज, मधे एखादी तार, मग शांतता. ढोल जवळपास नाहीतच. मगनने आधी सुई तपासली. मग धनसिंगने शिव्या द्यायला सुरुवात केली. हे काय, भजन आहे का, बँडवाले साधू झाले का, सहा महिने आम्ही ह्याच्यासाठी वाट बघितली का. दुसरी बाजू लावली ती त्यांनी ऐकलीच नाही, बोलतच होते. दुसऱ्या बाजूच्या शेवटी मात्र अकरा मिनिटांचं एक होतं. त्यात गाणं नाही, गिटार नाही, एकच कोंगो आणि एक माणूस. तो वाजवायचा, थांबायचा, इतका थांबायचा की संपलं असं वाटावं, आणि मग पुन्हा एक घाव. धनसिंग म्हणाला ह्याच्यापेक्षा आमच्या गावचा डफवाला झिपरू दारू पिऊन बरा वाजवतो.

भुवा पायरीवर होती. तिचे डोळे भरून आले होते. ती म्हणाली, "हे कोणीतरी गेल्यावरचं आहे. पुन्हा लावा."

तिघंही हसले. लखी इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने रेकॉर्ड काढली, पाकिटात घातली आणि नाटकातल्या राजासारखा वाकून भुवाच्या हातात दिली. भुवासा, आजपासून ही तुमची, आम्हाला नको, असं तो सगळ्यांसमोर म्हणाला. त्याने थट्टेत दिली. तिने खरीच घेतली.

रात्रीचं आवरल्यावर तिने मला पाकिटावरचं वाचायला सांगितलं. इंग्रजी मला बऱ्यापैकी येत होतं, मी अकरावीला होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत लिहिलं होतं की शेवटची चीज कोंगो वाजवणाऱ्याने आपल्या मेलेल्या बायकोसाठी एकट्याने, एका दमात वाजवली आहे. मी ते मराठीत सांगितलं. भुवाने पाकीट माझ्या हातातून घेतलं. मग तिने विचारलं, "बायको मेली, आणि त्याला वाजवू दिलं?"

 

तिच्या खोलीत एक पत्र्याची पेटी होती. त्यात तिची माळ, सामायिकाच्या ध्यानाला बसायचं आसन, तोंडावर बांधायची मुहपत्ती, दोन लुगडी. पंचवीस वर्षांत ह्या घरात तिचं म्हणून एवढंच. त्यात तिने पांढऱ्या मलमलीत गुंडाळून ती रेकॉर्ड ठेवली. पेटीची चावी कमरेला. दर रविवारी दुपारी पोरं जळगावला किंवा सिनेमाला गेली आणि घर झोपलं की ती पेटी उघडायची, आणि मी लखीच्या खोलीत अगदी हळू आवाजात ते अकरा मिनिटांचं लावायचे. ती भिंतीला टेकून बसायची, हात मांडीवर, बोटं हलत नसायची. मी एकदा विचारलं की तुम्ही वाजवत का नाही सोबत. ती म्हणाली की तो वाजवतोय ना माझं पण.

पोरांचा राग काही शांत झाला नाही. जळगावच्या मंडळाने ठरवलं की ह्या रेकॉर्डचा निषेध करायचा. बँडवाल्यांनी आपल्याला फसवलं म्हणून ज्याने त्याने आपल्या रेकॉर्डचं काहीतरी करून सभेत आणून दाखवायचं. त्या वेळी मगनला नवा छंद लागला होता. जुन्या रेकॉर्डी उकळत्या पाण्यात मऊ करायच्या, डब्यावर पालथ्या घालायच्या, कडा बोटांनी चिमटून झालरी काढायच्या. गार झालं की परडी तयार. शोकेसमध्ये ठेवायला लोक घेऊन जायचे. मगनने स्वतःच्या रेकॉर्डची परडी केली, धनसिंगच्याची केली. राहिली ती तिसरी.

आता पर्युषण आलं. आम्हा जैनांचे हे आठ दिवस उपासाचे. त्यात घरात रेडिओसुद्धा लागत नाही, आणि शेवटचा दिवस संवत्सरी. त्या दिवशी प्रत्येकाने प्रत्येकापुढे हात जोडायचे, वर्षभरात दुखावलं असेल तर माफ करा म्हणायचं, आणि समोरच्याने माफ करायचं. राग संवत्सरीच्या पुढे न्यायचा नाही. नेला तर जिवाचं खरं नाही, केलेला उपास पाण्यात, असं आमच्या साध्वी, महासतीजी, दर वर्षी व्याख्यानात सांगतात. त्या वर्षी भुवाने अठाई केली. अठाई म्हणजे आठ दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळून गार केलेलं पाणी, तेही सूर्य बुडायच्या आत. माळ, आसन बाहेर काढून तिने आठ दिवस पेटीचाही त्याग केला आणि चावी माझ्याकडे दिली. म्हणाली की पारण्याच्या दिवशी सकाळी, मुगाचं पाणी तोंडाला लावायच्या आधी, ते एकदा ऐकेन. तेवढं मनात धरलंय.

सातव्या दिवशी दुपारी आम्ही बायका व्याख्यानाला जैन स्थानकात जायला निघालो होतो. लखी माझ्यामागे आला आणि चावी मागितली. म्हणाला की धनसिंगला पुन्हा एकदा नीट ऐकायचंय, अगदी हळू लावतो, बाबूजींना कळणार नाही. मला काय वाटलं सांगू? मला आनंद झाला. मला वाटलं ह्यांना शेवटी कळलं. मी चावी काढून त्याच्या हातावर ठेवली आणि पायात चप्पल अडकवून गेले.

परत आलो तेव्हा सूर्य बुडायला दहा मिनिटं होती. भुवाला सातव्या दिवशी चालवत नव्हतं, मी दंडाला धरून तिला जिना चढवला. तिने आधी पाणी मागितलं. झुंबरबाई रिकामा हंडा घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बठ्ठं पानी सरी गयं, बाई." सकाळी भुवाच्या उकळलेल्या पाण्याने काठोकाठ भरलेला हंडा होता. ती मागच्या अंगणात भांडी घासत होती, कोणी घेतलं तिला माहीत नव्हतं. स्टोव्ह पेटवला, पाणी चढवलं, पण पाण्याला साधी वाफ धरायच्या आत दिवस बुडाला. भुवाने हात जोडले. असू दे म्हणाली, मांजराने सांडलं असेल. आणि सात दिवसांची उपाशी बाई रात्रभर कोरड्या घशाने पडून राहिली. मी तिच्या शेजारी होते. ती जीभ ओठांवरून फिरवायची तो आवाज मी रात्रभर ऐकला.

आठव्या दिवशी संवत्सरी झाली. संध्याकाळी प्रतिक्रमण, म्हणजे वर्षभराच्या चुकांची उजळणी, झाल्यावर भुवाने घरातल्या प्रत्येकापुढे हात जोडले. बाबूजींपुढे, आईपुढे, झुंबरबाईपुढे, लखीपुढे. सगळ्या जिवांना माफ केलं म्हणाली, सगळ्या जिवांनी मला माफ करावं. लखीनेही हात जोडले. तोंडावर रेषही हलली नाही त्याच्या.

पारण्याच्या सकाळी माडी भरली होती. अठाईवाल्याला मान असतो. गल्लीतल्या बायका, बाबूजींचे व्यापारी मित्र, सगळे आले होते. भुवाला पाटावर बसवलं होतं, पुढे चांदीच्या वाटीत मुगाचं पाणी. लखीने परत केलेली चावी घेऊन मी रेकॉर्ड आणायला तिच्या खोलीत गेले तर पेटीत नुसती मलमल. मी धावत बाहेर आले, आणि तेवढ्यात लखी लोकांतून वाट काढत पुढे आला. हातात लाल रिबीन बांधलेली काळी परडी, झालरीची, खडीसाखरेने भरलेली. त्याने ती भुवाच्या पुढ्यात ठेवली, पायांना हात लावला आणि मोठ्याने म्हणाला, "भुवासा, वर्षभरात काही चुकलं असेल तर माफ करा. ही तुम्हाला भेट. आता रोज उपयोगाला येईल." बायका वा वा म्हणाल्या. माझ्या आईने कौतुकाने मान डोलावली.

भुवाने खडीसाखर बोटाने बाजूला सारली. तळाशी नारिंगी कागदाचं गोल लेबल होतं. ते तिला वाचता येत नव्हतं, पण ओळखता येत होतं. मागून धनसिंगने आपला विनोद सोडला. म्हणाला, भुवासा, एकदम पवित्र वस्तू आहे, तुमच्याच उपासाच्या पाण्यात मऊ केलीय.

मला तेव्हा हंडा आठवला. तिलाही आठवला असणार. तिने खडीसाखर पाटावर ओतली, परडी दोन्ही हातांनी उचलली आणि लखीपुढे धरली. आवाज बसला होता.

"लाव," ती म्हणाली.

"काय?"

"दुसऱ्या बाजूचं शेवटचं. पारण्याआधी ऐकायचं ठरवलं होतं. लाव."

लखी हसायला बघत होता. ती परडी धरूनच राहिली. आठ दिवसांचे उपाशी हात, पण तिने खाली घेतले नाहीत. शेवटी तोच म्हणाला की भुवासा, ती आता वाजणार नाही.

"मग काल दिलेली माफी मी परत घेते," भुवा म्हणाली. "काल मला हे माहीत नव्हतं."

मग बाबूजींचा आवाज चढला. राजू, लोक बघताहेत. राजू, एका प्लास्टिकच्या चकतीसाठी? दुसरी आणू, दहा आणू. आई म्हणाली पोराने प्रेमाने दिलं, त्याचं असं करतात का. एक म्हातारी पुढे झाली आणि तिने समजावलं की बाई, राग पुढे नेलास तर अठाई वाया जाईल, आठ दिवस उपाशी राहिलीस त्याचं काही मिळणार नाही. भुवा म्हणाली, जाऊ दे वाया. आणि तिने मुगाची वाटी बाजूला सरकवली.

एक तास गेला, दीड गेला. लोक कुजबुजत उतरायला लागले. भुवा पाटावर तशीच बसली होती, तोंड पांढरंफटक, आणि हे सगळे तिच्याभोवती उभे राहून तिलाच शहाणपण शिकवत होते. तिची चूक काय ते सांगत होते! ज्यांनी तिच्या तोंडचं पाणी घेतलं, त्या पाण्यात तिची एकुलती एक वस्तू शिजवली, त्यांना कोणी काही बोलत नव्हतं. माझं डोकं फिरलं. मी लखीला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. बाबूजींनी माझ्या थोबाडीत मारली, पहिली आणि शेवटची. मग मी भुवासमोर बसले आणि जे सांगायचं नव्हतं ते सांगितलं. चावी मी दिली.

ती माझ्याकडे बघत राहिली. "माहीत आहे," ती म्हणाली. "कुलूप तुटलेलं नव्हतं ना? तू भेट घेऊन नाही आलीस, सांगायला आलीस. आण ते पाणी." माझ्या हातून ती मुगाचं पाणी प्यायली. अर्धं तिच्या लुगड्यावर सांडलं.

त्यानंतर पाच संवत्सऱ्या झाल्या. दर वर्षी लखी तिच्यापुढे हात जोडतो, आणि दर वर्षी ती म्हणते, "अजून नाही." बाकी त्याला वेळेवर जेवायला वाढते, तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवते. पापड कुटते ते सरळ, एकही घाव रिकामा न सोडता. झुंबरबाई आता मान हलवत नाही.

आणि रिओ सेकोचं काय झालं? दोन वर्षांनी मुंबईच्या कुठल्याशा इंग्रजी मासिकात छापून आलं की ती तिसरी रेकॉर्डच त्यांची सगळ्यात मोठी. झालं, जळगावच्या मंडळाचं मत एका पंधरवड्यात बदललं. ज्यांनी परड्या केल्या तेच नव्या रेकॉर्डीसाठी मुंबईला खेपा घालायला लागले. धनसिंग सांगत फिरतो की मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आता ह्या वर्षी रेकॉर्डला पाच वर्षं झाली म्हणून हॉल घेतला, फलक लावला, वक्ते बोलावले. मी निघाले तेव्हा भुवाने पेटी उघडली, मलमलीची गुंडाळी काढली आणि माझ्या पिशवीत घातली. तिथे ठेव एवढंच म्हणाली.

तर लखीचं भाषण संपलं, टाळ्या संपल्या. मी उठले. हिरव्या कापडाच्या टेबलावर नवी कोरी रेकॉर्ड फुलांचा हार घालून ठेवली होती. तिच्या शेजारी मी परडी ठेवली आणि माईकजवळ गेले. मी आता मुलींच्या शाळेत शिकवते, माझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत जातो.

"ही माझ्या भुवाला दिलेली भेट," मी म्हटलं. "लखीभाई, दुसऱ्या बाजूचं शेवटचं. लाव."

हॉलमधले लोक परडीकडे बघत होते, मग लखीकडे. पहिल्या रांगेत मगनने डोळे मिटून घेतले. धनसिंग बुटाची नाडी बांधायला वाकला तो वर आलाच नाही. लखीने परडी उचलली. तिचं लेबल त्याने अंगठ्याने पुसलं, उगाच. मग तो माईकशिवायच म्हणाला की ही मी केली, तिच्या उपासाच्या पाण्यात केली, आणि ती त्या रात्री तहानलेली झोपली. एवढं बोलून तो खाली बसला. मला वाटलं होतं हे ऐकून माझा राग उतरेल. नाही उतरला. पाच वर्षं तोंड बंद ठेवायला ह्याला जमलंच कसं, म्हणून उलट वाढला.

संध्याकाळच्या एस.टी.ने मी धुळ्याला परतले. भुवा पापड लाटत होती. तिने मान वर न करता विचारलं, "वाजली का गं?"

"नाही," मी म्हटलं. लखी काय बोलला ते सगळं सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, लाटणं बाजूला ठेवलं, हाताचं पीठ झटकलं आणि परडी मागितली. ती मलमलीत गुंडाळून तिने पेटीत ठेवली, कुलूप लावलं आणि चावी पाच वर्षांनी पुन्हा माझ्या हातावर ठेवली. मग ती पुन्हा लाटायला बसली.